मैदान कोणाचे?

राजधानी दिल्ली आणि तिला लागून असलेल्या गुरुग्राम व नोएडा या शहरांत प्रवेशाचा हंगाम आला की ‘आंतरराष्ट्रीय’ शाळांच्या जाहिरातींना ऊत येतो. गणित किंवा इतिहास कसा शिकवला जातो, याविषयी त्यांत फारसे काही नसते. असतात ते पोहण्याचे तलाव, घोडेस्वारी, नाट्यगृह, परदेशी सहली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अभिरूप आमसभा. शासकीय परिपत्रके ज्यांना ‘अभ्यासेतर उपक्रम’ म्हणतात, तोच या शाळांचा खरा विक्रीचा माल आहे.

हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणून नाक मुरडणारे काही भले लोक आपल्यातही आहेत. त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. खेळ, नाटक, संगीत, वादविवाद, प्रवास यांतून मूल चारचौघांत उभे राहण्यास, बोलण्यास आणि इतरांबरोबर काम करण्यास शिकते. हे शिक्षणाचे अर्धे अंग आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांनी पाटी-पेन्सिलीवर समाधान मानावे, ही शिकवण सत्ताधारी वर्गाची आहे, आपली नव्हे. आपली तक्रार घोडेस्वारीविषयी नाही. ती शिक्षणाचे हे अर्धे अंग बाजारात मांडले गेल्याविषयी आहे.

या शाळांचा इतिहास बोलका आहे. दिल्लीतील अमेरिकन एम्बसी स्कूल १९५२ मध्ये आणि ब्रिटिश स्कूल १९६३ मध्ये सुरू झाले, ते प्रामुख्याने परदेशी वकिलातींतील कुटुंबांच्या सोयीसाठी. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने देशातच असा एक वर्ग पोसला, की ज्याला आपली मुले याच देशात, पण या देशापासून अलग वाढवावयाची होती. गुरुग्रामच्या परिसरातील आंतरराष्ट्रीय शाळा या वर्गाच्या मागणीवरच उभ्या राहिल्या.

आता दुसरी बाजू पाहा. दिल्लीतील अनेक सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालतात: सकाळी मुली, दुपारनंतर मुलगे. ‘पाळी’ म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरणी कामगाराला सांगावे लागत नाही. पहिल्या पाळीची घंटा होते तेव्हा दुसरी पाळी फाटकाशी उभी असते. अशा शाळेत ‘शाळा सुटल्यानंतर’ असा वेळच शिल्लक नसतो. मग नाटकाची तालीम कधी व्हावी? सामना कधी खेळावा? येथे गरीब मुलाला केवळ पैशाची वाण नाही. वेळ आणि जागा, या दोन्हींपासून त्याला वंचित ठेवले गेले आहे.

या दोन जगांची गाठ पडते ती ‘सेवे’च्या निमित्ताने. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संघटनेच्या डिप्लोमा अभ्यासक्रमात ‘सर्जनशीलता, कृती, सेवा’ हा घटक सक्तीचा आहे. त्याला गुण नाहीत. परंतु तो पूर्ण केल्याविना डिप्लोमा मिळत नाही. कल्पना चांगली आहे. पण वर्गसमाजात चांगल्या कल्पनेचे काय होते? शाळेची मुले वस्तीत येतात, शिकवतात, आपले अनुभव नोंदवतात, आणि ती नोंद परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडली जाते. वस्तीतल्या मुलाच्या हाती कोणते प्रमाणपत्र येते? सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्या जागा कधी बदलत नाहीत. यात त्या विद्यार्थ्यांचा दोष नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मनात खरी अस्वस्थता असते. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जी विषमतेलाही अभ्यासाचे साहित्य बनवते आणि विषमतेचे कारण विचारू देत नाही.

यावर उत्तर तयार असते: कायद्याने पंचवीस टक्के जागा दिल्या आहेत ना? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतही दुर्बल घटकांसाठी प्रवेशवर्गात जागा ठेवल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, हे खरे. २०१० च्या केंद्रीय नियमांनी तर अभ्यासेतर कार्यक्रम व खेळ यांतही भेदभावास मनाई केली आहे. परंतु ‘ऐच्छिक’ हा एक शब्द त्या नियमाला निकामी करण्यास पुरेसा आहे. सहल ऐच्छिक, वाद्य ऐच्छिक, पोषाखाचा खर्च ऐच्छिक; ज्याच्या बापाला परवडत नाही त्याची इच्छा नव्हती, असे मानले की झाले! शिवाय कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतचे. ज्या अकरावी-बारावीत तो सेवेचा घटक येतो, तेथवर पोहोचण्यापूर्वीच कायदा हात सोडतो.

‘खाजगी शाळा, खाजगी पैसा, इतरांनी त्यात लक्ष का घालावे?’ हा दुसरा युक्तिवाद. पण दिल्लीत अनेक खाजगी शाळांची मैदाने सवलतीच्या दराने मिळालेल्या सार्वजनिक जमिनीवर आहेत. गरीब मुलांना जागा देण्याची अट त्या जमिनीबरोबरच आली होती. ती पाळली जावी म्हणून २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. जमीन जनतेची आणि फाटकावर पहारेकरी जनतेविरुद्ध, ही कोणती खाजगी मालमत्ता?

महाराष्ट्रातील साथींनी हा दूरच्या दिल्लीचा प्रश्न समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. राज्यकर्ते बदलले, हिशेब तोच राहिला.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये समान शाळा पद्धती आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च यांची शिफारस केली. ते सहा टक्के आजवर गाठले गेलेले नाहीत. मुलांच्या कला-विज्ञानासाठी सार्वजनिक संस्था उभारता येते, हे १९५६ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय बाल भवनाने दाखवून दिले आहे. मग प्रत्येक कामगार वस्तीत बाल भवन का नको?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. राखीव जागेवरील मुलाचा प्रत्येक उपक्रमाचा खर्च शाळेने वा शासनाने उचलावा. सवलतीच्या जमिनीवरील मैदाने शाळा सुटल्यावर परिसरातील मुलांना खुली करावीत. दोन पाळ्या बंद करण्यासाठी नव्या इमारती बांधाव्यात, आणि प्रत्येक सरकारी शाळेत क्रीडा व कला शिक्षक कायम नेमणुकीवर घ्यावेत. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्या संघटनांनी हा प्रश्न पगार व फी यांच्या प्रश्नांइतकाच नेटाने हाती घेतला पाहिजे. आपल्या मुलांना कोणाची सेवा नको आहे. त्यांना मैदान हवे आहे, आणि त्यावर खेळण्यासाठी दिवसातले दोन तास.