‘वाचून दाखवायला घरचे आहेत ना!’

नजर गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाचनाचा विषय नागपूरच्या नंदनवनात कुणाकडेही काढा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: घरचे आहेत ना वाचून दाखवायला! या उत्तरात माया आहे, पण ते खरं नाही. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातू केडीके कॉलेजात नाहीतर क्लासला. उरल्या वेळात पेपरचे मथळे वाचून होतात, चारशे पानांची कादंबरी होत नाही. शिवाय ‘थांब, मघाचं पुन्हा वाच’ असं दमून आलेल्या लेकाला किती वेळा म्हणवेल? दोनदा म्हटल्यावर आजोबा कळल्यासारखी मान हलवतात. त्यांचं वाचन तिथेच संपतं.

दुसरे म्हणतात, मोबाईलमध्ये पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक आहेच की. लहानपणापासून अंध असलेले अनेकजण तो सराईतपणे वापरतात, हे मान्य. पण सत्तरीत काचबिंदूनं किंवा मधुमेहानं दृष्टी गेलेल्यांचं काय? टॉकबॅकमध्ये बोट टेकवलं की बटणाचं नाव ऐकू येतं, लागोपाठ दोनदा टेकवलं की ते उघडतं. थरथरत्या बोटाचा दुसरा ठोका उशिरा पडतो, भलतंच बटण बोलू लागतं आणि गुळगुळीत काचेवर मघाची जागा काही केल्या सापडत नाही. ब्रेलचा सल्ला देणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं, की जुन्या मधुमेहात बोटांची संवेदनाच बोथट होऊ शकते.

या माणसांपाशी आवाज शाबूत आहे, आणि सोय त्याच्यावरच उभी राहिली पाहिजे. पुस्तकाचं नाव मराठीत सांगितलं की ते सुरू व्हावं. ‘थांब’, ‘मागे जा’, ‘काल राहिलं तिथून’ एवढ्या बोलांवर चालावं. कुणाची मनधरणी नको, कुणाची वाट पाहणं नको.

‘हे महागडं प्रकरण आहे’ हा आक्षेप तर सगळ्यांत लंगडा. गूगल असिस्टंटला 2018 मध्येच मराठी कळू लागली. स्मार्टफोनच हवा असंही नाही. शेजारच्या छत्तीसगडात ‘सीजीनेट स्वर’वर 2010 पासून आदिवासी भागातली माणसं साध्या मोबाईलवरून बातम्या सांगू आणि ऐकू लागली. जंगलातल्या पाड्यावर जे चाललं, ते नागपुरात का चालू नये? कायदाही आड येत नाही. 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनं अपंग वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला मोकळीक दिली, आणि 2014 मध्ये याच हेतूच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा सुलभ पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पण तिथे सभासद होऊन पुस्तक उतरवून घेणं नुकतीच नजर गेलेल्या आजीला एकटीनं कसं जमावं? हे मधलं काम वाचनालयानंच करायला हवं.

1967च्या ग्रंथालय कायद्यानुसार आपली सार्वजनिक वाचनालयं सरकारी अनुदान घेतात. तो पैसा नजर गेलेल्या वाचकाचाही आहे. नागपुरातल्या वाचनालयांनी एकत्र येऊन फोनवर मराठीत मागता आणि ऐकता येईल अशी पुस्तकसेवा सुरू करावी. तुम्ही सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा.