पीजेचं इंजिन जपाल, माणसांचं काय?

पाचोरा–जामनेर नॅरोगेज, म्हणजे आपली ‘पीजे’, 2020च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तेव्हापासून आठवणींना ऊत आलाय. डब्यांचे फोटो, शिट्टीचे व्हिडिओ. त्यात लाईनवरची माणसं कुठे आहेत?

आमच्या धावड्याला रेल्वे नाही. पण अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरवरून पहूर गाठलं की पीजेचं स्टेशन. माझ्या आईचे मामू या लाईनवर गँगमन होते. उन्हात रूळ फुगतात, पावसात खालची खडी वाहून जाते. ते बघणं, सावरणं हे त्यांच्या गँगचं काम. मामी घरात दखनी बोलायच्या, शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईशी तावडी. मुलांना दोन्ही यायच्या.

1918-19च्या सुमारास ही 56 किलोमीटरची लाईन सुरू झाली. खानदेशाचा कापूस मोठ्या लाईनवर पोचवणं हा त्यातला मोठा हेतू. इतिहास सांगणारे किलिक निक्सन कंपनीचं नाव हमखास घेतात. रूळ सांभाळणाऱ्या एका तरी घराचं नाव ऐकलंत?

दोष फक्त त्यांचा नाही. आपणही तेच करतो. इतिहास म्हटलं की आपल्याला निजाम, मलिक अंबर आणि मकबरा आठवतो. वर्गातल्या मुलांना वाटतं, आपले पूर्वज एक तर बादशहा होते, नाहीतर कुणीच नव्हते. मग कुणी ‘तुम्ही इथले कसे?’ विचारलं की पोरगा राजवाड्याकडे बोट दाखवतो. तो राजवाडा त्याचा कधीच नव्हता. त्याच्या पणजोबांनी शेंदुर्णी ते पहूर रूळ राखला, हे उत्तर त्याच्या घरातच आहे, पण ते त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता ब्रॉडगेज मंजूर आहे, लाईन बोदवडपर्यंत न्यायची आहे. व्हायलाच हवी. खानदेशानं आयुष्यभर छोट्या गाडीत का बसावं? पण जुने क्वार्टर पडतील, तेव्हा त्यांत कोण राहत होतं हे कुठेतरी लिहिलेलं असू द्या.

घरात जुनं सर्व्हिस बुक, पेन्शनचा कागद, रेल्वेचा पास असेल तर रद्दीत घालू नका. म्हाताऱ्यांजवळ बसा, गँगमधल्या सगळ्यांची नावं लिहून घ्या. फक्त आपल्या माणसांची नव्हे, सगळ्यांची. माझे मामू 12 वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. मी बीएड केलेला मास्तर, इतरांना इतिहास शिकवत बसलो आणि त्यांना एक प्रश्न विचारला नाही.