कोटाखालून टिपलेला फ्रेडी

‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी नव्याने ऐकणाऱ्याने स्टुडिओतल्या रेकॉर्डपासूनच सुरुवात करावी. पण ज्याला तो एकदा आवडला, त्याने तिथे थांबू नये. प्रेक्षकांत उभं राहून, कोटाखाली रेकॉर्डर दडवून कुणीतरी जे टिपलं, ते ऐकावं. त्याला बूटलेग म्हणतात. राळेगणसिद्धीत रात्री दारं लागली की मी हेडफोन चढवून हेच ऐकत बसतो. ‘क्वीन’च्या कुठल्याही अधिकृत अल्बमपेक्षा तो माणूस मला इथे जास्त भेटतो.

या टेपा कानाला गोड मुळीच नसतात. कॉपीवरून कॉपी होत आलेल्या, त्यामुळे खरखर ठरलेली. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते. मग ऐन रंगात आलेलं गाणं तुटतं आणि बाजू उलटल्यावर आपण थेट पुढच्या कडव्यात जाऊन पडतो. रेकॉर्डरचे सेल उतरत आले असतील तर टेप मंद फिरलेली असते. ती नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळा बँड वरच्या पट्टीत धावू लागतो. माइकच्या शेजारी उभा असलेला कुणी अनोळखी इसम फ्रेडीपेक्षाही मोठ्याने आणि बेसूर गात असतो. मला त्याचाही राग येत नाही. तो तिथे होता.

स्टुडिओत एकाच गळ्याचे थरांवर थर चढवता येतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला, ऑपेराच्या वळणाचा भाग तसाच रचलेला आहे, म्हणून कार्यक्रमात तो टेपवर लागायचा आणि चौघंही रंगमंचावरून आत निघून जायचे. बाकीचा भार मात्र त्या रात्रीच्या गळ्यावर. तो गळा नेहमी साथ देत नसे. १९७५च्या अमेरिका दौऱ्यात घशाच्या दुखण्यापायी काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. त्यामुळे रेकॉर्डवरची वरची जागा तो मंचावर पुष्कळदा घेतच नाही. खालून वळसा घालून ओळ पुरी करतो, कधी वरचा सूर ड्रमवर बसलेला रॉजर टेलर उचलतो. आणि मधेच एखाद्या रात्री, काही ध्यानीमनी नसताना, तीच जागा फ्रेडी भरल्या आवाजात घेऊन मोकळा होतो. याला कुणी उणीव म्हणेल. मला यात जातिवंत गवई दिसतो, आज गळ्यात काय आहे ते ओळखून त्यातूनच मैफल उभी करणारा.

मग त्याचा तो लोकांशी चालणारा खेळ. तो एक तान फेकतो, हजारो माणसं ती परत करतात. तो ती आणखी अवघड करतो. शेजारच्या पिंपळनेरला निळोबारायांच्या समाधीपाशी बुवांनी चरण टाकावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तसंच हे चालतं. ९ ऑगस्ट १९८६ला इंग्लंडमध्ये नेबवर्थला लाखावर लोकांसमोर तो गायला, तो फ्रेडीसह ‘क्वीन’चा शेवटचा कार्यक्रम ठरला. तो संपूर्ण कार्यक्रम अधिकृतपणे कधी प्रसिद्ध झालेला नाही. गर्दीतल्या कुणी टेप चालू ठेवली नसती, तर आज आपल्याला त्याचे तुकडेच ऐकायला मिळाले असते.

हा माणूस आपल्या इथलाही आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी घरात जन्मलेला फरोख बलसारा लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे तो पियानो शिकला, फ्रेडी झाला आणि दोस्तांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून शाळेच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. वाईचा पसरणी घाट चढताना मला दर वेळी वाटतं, त्यातली एखादी संध्याकाळ तरी कुणी टेप करून ठेवायला हवी होती. त्या बँडचं काहीच माझ्या ऐकण्यात आलेलं नाही.

चोरून केलेल्या टेपांचा धंदा करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. कलावंताच्या जिवावर पैसा करणं वाईटच. पण प्रेमाने जपून हातोहात दिलेल्या टेपेची गोष्ट वेगळी. २४ डिसेंबर १९७५चा लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला कार्यक्रम बीबीसीने प्रसारित केला होता. चाहत्यांनी त्याच्या प्रती ४० वर्षं फिरत्या ठेवल्या, आणि २०१५ साली तो अधिकृतपणे बाजारात आला. खुद्द ‘क्वीन’नेही पुढे चाहत्यांनी टिपलेले काही कार्यक्रम आपल्या संकेतस्थळावर विकायला ठेवले होते.

आपल्याकडे सप्ताहातली कीर्तनं, जागरणं, भजनी मंडळांच्या बाऱ्या अशाच टेप झाल्या आहेत. स्पीकरजवळ टेपरेकॉर्डर ठेवून कुणी तरी त्या भरल्या. त्या कॅसेटी आज माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. बुरशी धरली असेल तर तशीच वाजवू नका, जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. चांगली असेल तर चालू टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर काढून संगणकात उतरवा. गाणाऱ्याचं नाव, गाव, साल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. ती सांगणारी माणसं आहेत तोवर, या पावसाळ्याच्या आत एवढं कराच.