भिंतीवर वारली, खुर्चीत कोण?

आपल्याकडच्या कार्यालयांना वारली चित्रांचे फार वेड आहे. बँक असो, दवाखाना असो, जिल्हा परिषद असो की आपल्यासारखी एखादी संस्था, दर्शनी भिंतीवर तारपा नाचाचे पांढरे वर्तुळ हमखास दिसते. आदिवासींविषयी आम्हाला आदर आहे, असे ती भिंत परस्पर सांगून टाकते. पण ही चित्रे मुळात काढत कोण? लग्नघरात चौक लिहिण्याचा मान वारली सुवासिनींचा. त्या बाईची कला कार्यालयाच्या भिंतीवर चढली. ती स्वतः तिथे आलीच, तर बहुधा हातात झाडू घेऊन. भिंतीवरचा आदर खुर्चीपर्यंत का पोचत नाही, हा माझा प्रश्न आहे.

अधिकारी, मुख्याध्यापक, संस्थाचालक यांच्या प्रशिक्षण शिबिरांत मी अधूनमधून बोलायला जाते. विषय ठरलेला असतो: 'आदिवासी संस्कृतीची ओळख'. नाच, देव, सण, वनौषधी यांविषयी ऐकायला सगळ्यांनाच आवडते. मात्र 'तुमच्या कचेरीतल्या आदिवासी बाईला पगार किती? तिला बढती कधी मिळाली? तिच्या म्हणण्यावरून तुमचा एखादा निर्णय बदलला का?' असे विचारले की नजरा घड्याळाकडे वळतात. जणू आदर ही संस्कृतीची बाब, पगार आणि अधिकार ही प्रशासनाची!

मला हे पटत नाही. आदिवासी आणि त्यांना कामावर ठेवणारे यांचे नाते मुळात मालक-मजुराचे आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ मध्ये किसान सभा आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध बंड केले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, पण 'उचल' घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे संपलेली नाहीत. हा इतिहास पाठीशी असलेली बाई बैठकीत साहेबांसमोर गप्प बसते, तेव्हा तिला 'लाजाळू' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तिच्या गप्प बसण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

मग प्रमुखाने करायचे काय? सुरुवात संबोधनापासून करावी. शहरातून आलेली कर्मचारी 'मॅडम' आणि पाड्यावरची सेविका 'ए बाई', हे आपण रोज ऐकतो. गंमत अशी, की अनेक आदिवासी बोलींत लहानथोर सगळ्यांनाच सहज 'तू' म्हणतात. तिने साहेबांना 'तू' म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो आणि साहेबांनी तिला 'तू' म्हटले तर ती रीत! तिचे 'तू' बरोबरीचे आहे, साहेबांचे वरून खाली येते. दोघांनीही 'तू' म्हणावे किंवा दोघांनीही 'तुम्ही'. तिची बोली प्रमुखाने थोडी तरी शिकावी. तिने आपली मराठी शिकण्यात किती वर्षे घातली आहेत!

दुसरी गोष्ट वेळेची. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांचा सर्वांत मोठा सण होळी. दिवाळीला सलग सुट्टी देणारी कार्यालये 'या बायका होळीत कामाला येत नाहीत' अशी तक्रार करतात. भाताच्या लावणीचे दिवस तर कुठल्याच रजेच्या तक्त्यात नसतात. हा तक्ता तिच्यासोबत बसून का करू नये?

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट निर्णयाची. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्याच लागतात. म्हणजे गावात जंगलाविषयी मत देणारी बाई कचेरीत आल्यावर फक्त हजेरीपटावर सही करते. योजना आखून झाल्यावर तिला 'गावात समजावून सांग' म्हणणे म्हणजे सहभाग नव्हे.

आता तक्रारीविषयी. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, अत्याचार प्रतिबंधासाठी १९८९ चा. पण आदिवासी स्त्रीचा अपमान असा दोन फायलींत वाटून होत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्या वरिष्ठ डॉक्टर स्त्रियाच होत्या. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण वरची खुर्ची बाईकडे असली म्हणजे खालची बाई आपोआप सुरक्षित होते, हा भाबडेपणा आपण सोडायला हवा.

कारण हा प्रश्न आपलाही आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेले मथुरा प्रकरण आपल्या चळवळीत कोणाला ठाऊक नाही? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, पुढच्या वर्षी चार कायदेतज्ज्ञांनी खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीच्या फिर्यादीने आपल्याला रस्त्यावर आणले. आज आपल्या किती संस्थांच्या विश्वस्त मंडळावर आदिवासी स्त्री आहे? पाड्यावर पायपीट करणारी कार्यकर्ती तिची आणि अहवालावरचे नाव आपले, असेच अजून चालले आहे ना?

आपल्यापैकी अनेकजणी कार्यालयांच्या तक्रार समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढेच विचारावे: इथे आदिवासी स्त्रिया किती, कोणत्या पदावर, आणि आजवर त्यांची एकही तक्रार आली नसेल तर का? हेच प्रश्न आपापल्या संस्थेतही विचारावेत. उत्तर द्यायला जी आदिवासी मैत्रीण उभी राहील, तिला मध्येच थांबवू नये.