दोस्त गेल्यावर त्याचं काय राखायचं?

गेल्या महिन्यात पिंप्राळ्यात माझा चाळीस वर्षांचा दोस्त गेला. पाणबुडी मोटारी रिवाइंड करायचं त्याचं छोटं दुकान होतं. जनाज्याला मोहल्ला होताच, शिवाय आसपासच्या खेड्यांतले केळीवाले शेतकरीही आले होते. भर उन्हाळ्यात रात्री दहा वाजताही हा माणूस मोटार उघडून बसायचा, हे ते कब्रस्तानाबाहेर उभे राहून एकमेकांना सांगत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा फोटो होता. चौथ्या दिवशी फोटो गेले आणि घरात वेगळीच गोष्ट सुरू झाली.

एका नातेवाइकाने थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "बहिणी अजून इथेच आहेत, तेवढ्यात हक्कसोडपत्राचं उरकून घे. नंतर जावई मधे पडतात." मुलाने रात्री मला फोन केला. "चाचा, असंच करतात ना?"

हो, असंच करतात. म्हणूनच हे लिहितोय.

आपल्याकडे मय्यत झाली की कफन-दफनात कोणी कसूर करत नाही. कुराणखानी होते, जियारत होते, चाळीसाव्याला देगी चढतात. पण कुराणात सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से नेमून दिलेत, आणि वसीयत व कर्ज भागवल्यावरच वाटणी करा असं सांगितलंय, ते वाचायची वेळ आली की घर गप्प होतं. माझ्या दोस्तामागे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. हिशोब अवघड नाही. बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्याचे सहा भाग करायचे. मुलग्यांना दोन-दोन, मुलींना एक-एक.

मुलीला भावाच्या निम्मंच का, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडतो आणि तो विचारायलाच हवा. पण आमच्या गल्लीतली तक्रार त्याच्याही आधीची आहे. ते निम्मंसुद्धा तिच्या हातात पडत नाही. शरीयत धोक्यात आहे म्हणून मोर्च्यात पुढे असणारा भाऊच वारस नोंदीच्या वेळी बहिणींच्या सह्या गोळा करत फिरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "बहिणी खुशीने सोडतात." काही सोडतही असतील. पण बाप जाऊन चार दिवस झालेत, डोळे रडून सुजलेत आणि सही नाही केली तर माहेरचा दरवाजा बंद होईल अशी भीती आहे. त्या सहीला खुशी कशी म्हणायची? आधी तिचा हिस्सा तिच्या नावावर करा. मग तिला भावाला द्यावासा वाटला तर तिने द्यावा.

मी त्या मुलाला एवढं सगळं सांगितलं नाही. त्याच्या बापाची एक गोष्ट सांगितली.

तीस वर्षांपूर्वी माझ्या दोस्ताचे अब्बा वारले. घर लहान, दुकान नवं, पोरं कडेवर. तरी त्याने घराची किंमत काढली आणि दोन्ही बहिणींचा हिस्सा हप्त्याहप्त्याने तीन वर्षांत फेडला. एक बहीण भुसावळला, दुसरी धुळ्याला. धुळ्याला एकदा मीही त्याच्याबरोबर एसटीने गेलो होतो. भावकी हसायची. पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर सायकली धरून गाडी जायची वाट बघताना मी त्याला विचारलं होतं, एवढी घाई कशाला करतोस? म्हणाला, "अब्बांच्या घरात मी राहतो. त्यांच्या पोरींचं भाडं थकलंय माझ्याकडे."

मुलाला हे माहीत नव्हतं. बाप हे कधी बोललाच नव्हता.

दुसरी गोष्ट कर्जाची. जनाज्याची नमाज पढवण्याआधी पैगंबर मुहम्मद (स.) मृतावर कर्ज आहे का, हे विचारत, असं हदीसमध्ये येतं. बायकोचा न दिलेला मेहरही कर्जच असतो, हे आपण सोयीने विसरतो. दोस्ताच्या दुकानात एक वही होती. त्यात येणं होतं तसं देणंही होतं. तांब्याच्या तारेचे पैसे बाकी होते. ती वही चाळीसाव्याच्या आधी उघडायला हवी. जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, असं पैगंबरांनी इतरांना सांगितलं होतं. आपण उलटं करतो. दुःखातल्या घराने उसने पैसे काढून तीनशे माणसं जेवू घालायची.

तिसरी गोष्ट दोस्तीची. हजरत खदीजा (रजि.) गेल्यानंतर पैगंबर बकरा कापला की त्यांच्या मैत्रिणींना वाटा पाठवत. गेलेल्या माणसाची नाती पुढे चालवणं हीही त्याची आठवणच. आपल्या जळगावातही हे आहे. कार्तिकी एकादशीला निघणारा श्रीरामाचा रथ १८७२ पासून चालू आहे. तो सुरू करणारे अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांची दोस्ती होती, असं जुने लोक सांगतात. दोघं जाऊन किती पिढ्या झाल्या. तरी रथ भिलपुऱ्यात बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो आणि फुलांची चादर चढते. स्टेटस चोवीस तासांनी उतरतं; हे थांबणं दीडशे वर्षं टिकलंय.

म्हणून तरुण दोस्तांनो, घरात मय्यत झाली तर मोठ्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका. तुम्ही शिकलेले आहात, सातबारा आणि मालमत्ता पत्रक तुम्हाला मोबाइलवर काढता येतं. कर्जाची यादी करा. अम्मीचा मेहर दिला होता का, विचारा. बहिणींचे हिस्से कागदावर मांडा आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. अब्बांचे दोस्त कोण होते ते शोधून ईदला त्यांच्या घरी जा.

माझ्या दोस्ताच्या मुलींनी सही केलेली नाही, कारण थोरल्याने कागद पुढे केलाच नाही. परवा तो वही घेऊन माझ्याकडे आला होता. तारेचे पैसे भागलेत. घराची किंमत काढायला तो पुढच्या आठवड्यात माणूस बोलावणार आहे. धाकटा अजून नाराज आहे. त्याच्याशी मी बोलणार आहे. बापाचा दोस्त म्हणून एवढं माझ्याकडे लागतं.