खुर्च्या मागेच का?

मा. संपादक,


ऐंशीच्या घरातल्या आईवडिलांना संगीत महोत्सवाला आणणारी मुले त्यांचेही हाल करतात आणि आजूबाजूच्या श्रोत्यांचेही. आता घरबसल्या सगळे ऐकता येते, मग हा अट्टहास कशाला, असे एका वाचकाने आपल्या अंकात लिहिले आहे. हाल होतात, हे खरेच. पण त्यातले वयामुळे किती आणि मंडपाच्या आखणीमुळे किती?

पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या, ही आपल्याकडची सर्रास मांडणी. खाली बसलेल्यांच्या डोक्यावरून मागच्यांना दिसावे, हा त्यामागचा साधा हिशेब. पण ज्याला मांडी घालता येत नाही तो आपोआप शेवटी ढकलला जातो. म्हणजे ज्यांची नजर अधू आणि कान मंद, नेमके तेच गायकापासून सर्वांत लांब. माझ्या आईला कानयंत्र आहे. मागच्या स्पीकरजवळ बसवले की तिला तंबोरा ऐकूच येत नाही, नुसता कल्लोळ ऐकू येतो. बैठकीच्या दोन्ही कडांना खुर्च्यांची एकेक उभी ओळ लावली तर कुणाचेही दिसणे अडत नाही. शिवाय मध्येच उठावे लागले तर कुणाच्या मांडीवर पाय न देता बाहेर पडता येते. भर आलापीत उठणाऱ्यांचा त्रास होतो ही त्या वाचकाची तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावरचा उपायही हाच आहे.

रात्रीची दगदग हे कारण तर आता उरलेलेच नाही. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला ‘सवाई’ महोत्सव कित्येक वर्षे पहाटेपर्यंत चाले. तिथली भैरवी ऐकून आई परस्पर शाळेत शिकवायला जायची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला रात्री दहाची वेळ घालून दिली. बारापर्यंतची सवलत मिळते ती मोजक्याच दिवसांसाठी. ललित, तोडी ऐकायच्या तर आता सकाळचे वेगळे सत्र गाठावे लागते, याची हळहळ मलाही आहे. पण म्हाताऱ्या माणसाच्या सोयीची वेळ कायद्याने आयती आणून दिली. मंडपवाल्याने मात्र काहीच बदलले नाही.

सर्वांत मोठी अडचण कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो. यंदाच्या हिवाळ्यात एका महोत्सवात फिरत्या स्वच्छतागृहाची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी उंच होती आणि धरायला दांडी नव्हती. एका भल्या स्वयंसेवकाने पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उपडा घालून दिला. आई चढली, पण उतरताना तो क्रेट डुगडुगला. दुसऱ्या दिवशी तिने दुपारपासूनच पाणी पिणे बंद केले. असे करणाऱ्या कितीतरी बायका त्या मंडपात असतील. रात्री पायात गोळे येतात ते वेगळेच.

राहिला घरी ऐकण्याचा सल्ला. घरी ख्याल जरा रंगात येतो तोच दूधवाला बेल वाजवतो, हे एक वेळ सोडून देऊ. पण तबलजीने समेवर येताना गायकाकडे टाकलेला कटाक्ष कॅमेरा दाखवेलच असे नाही, आणि शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकदमच तोंडातून निघणारी ‘वा!’ घरात निघत नाही. प्रभाताई अत्रे 2024 च्या जानेवारीत गेल्या तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते. त्यांना कुणी ‘आता घरीच गा’ म्हटले नाही. मग समोर बसणाऱ्यालाच वयाची अट का?

आयोजकांनी तिकीट विकतानाच ‘खुर्ची हवी का, सोबत कोणी असेल का’ एवढे विचारावे. कडेच्या ओळी त्या हिशेबाने लावाव्यात, सोबत्याची जागा शेजारीच द्यावी आणि स्वच्छतागृहाला बुटकी पायरी व दांडी बसवून घ्यावी. पुढच्या हंगामाची मंडपाची कंत्राटे दिवाळीआधीच ठरतात, तेव्हा हे आत्ताच लिहून घेतलेले बरे.

– एक श्रोता, कोथरूड, पुणे