शाईने मंत्री हलत नाही

उच्च व तंत्रशिक्षणमंत्री श्री. चंद्रकांत पाटील यांनी डिसेंबर २०२२ मध्ये पैठण येथे जे उद्गार काढले ते आपल्या घराघरांत अद्यापि विसरले गेलेले नाहीत. महात्मा फुले, बाबासाहेब आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शाळा काढल्या त्या सरकारी अनुदानावर नव्हे, लोकांकडे भीक मागून, असा त्यांचा आशय होता. १० डिसेंबरला चिंचवड येथे त्यांच्या तोंडावर शाई फेकण्यात आली. फेकणाऱ्या तरुणांस अटक झाली, मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली, 'भीक' म्हणजे वर्गणी असा खुलासा केला, विरोधकांनी राजीनामा मागितला. आणि मंत्री होते त्या खुर्चीवर राहिले.

प्रथम त्या शब्दाचा समाचार घेऊ. भीक घेणाऱ्याची मान खाली असते. वर्गणी देणारा संस्थेचा भागीदार असतो. आपण बौद्ध आहोत. भिक्खूची भिक्षा आणि भिकाऱ्याची भीक यांतील अंतर आपणांस मंत्र्यांकडून शिकावयाचे नाही. इतिहासही मंत्र्यांच्या बाजूने नाही. जोतीरावांचा सत्कार इंग्रज सरकारने १८५२ साली याच पुण्यात, विश्रामबागवाड्यात केला आणि त्यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून मदत मिळत असे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन ठेवले त्यात याचना नाही, हिशेब आहे: महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, मग त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर तो खर्च का होत नाही? हा सवाल करणाऱ्यास भीक मागणारा म्हणणे हे अज्ञान असेल तर शिक्षणखात्यास ते शोभत नाही. अज्ञान नसेल तर अधिकच शोभत नाही.

आता पुष्कळ बंधू विचारतात की, अशा मंत्र्यावर विधानसभेने महाभियोग का चालवू नये? अमेरिकेत तसे होते खरे. १८७६ साली युद्धमंत्री बेलनॅप यांच्यावर आणि २०२४ साली अंतर्गत सुरक्षामंत्री मायोर्कस यांच्यावर तेथील प्रतिनिधिगृहाने महाभियोग आणला. दोघांपैकी एकासही सिनेटने दोषी ठरविले नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्या संविधानात महाभियोग राष्ट्रपतींसाठी आहे. न्यायाधीशांस दूर करण्याची तशीच कठीण रीत आहे. मंत्र्यासाठी ती नाही. ही विसरभोळेपणाची चूक नव्हे. ३० डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी स्वतः सांगितले की, मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असावयाची तर मंत्री नेमणे आणि काढणे प्रधानमंत्र्याच्या सल्ल्याने व्हावे. राज्यात हीच गोष्ट मुख्यमंत्र्यास लागू पडते. विधानसभेचा अविश्वास सबंध मंत्रिमंडळावर येतो, एकट्या मंत्र्यावर नाही. म्हणजे एका मंत्र्याच्या जिभेचे पाप मुख्यमंत्र्याने पोटात घातले की ते साऱ्या मंत्रिमंडळाचे होते. राजीनामा मागावयाचा तर तो मुख्यमंत्र्यांच्या दारी मागावयास हवा होता. बोंब मात्र रस्त्यावर झाली.

तथापि विधानसभेच्या हाती काहीच नाही असे समजू नये. संविधानाच्या २०३ व्या अनुच्छेदाप्रमाणे खात्याची मागणी नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार सभागृहास आहे. त्या मागणीवर कपात सूचना मांडता येते. कपात रुपयाची असली तरी सभासद उभा राहून त्या खात्याच्या धोरणाची लक्तरे काढू शकतो, आणि मंत्र्यास तेथे उत्तर द्यावेच लागते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब बोलले तेव्हा ते नुकतेच नेमलेले सभासद होते, पाठीशी पक्ष नव्हता, बहुमत नव्हते. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चते आणि दारूच्या करातून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा आकडा त्यांनी सरकारच्या तोंडावर ठेवला. तो आकडा आजही वाचला जातो. शाईचे डाग दुसऱ्या दिवशी धुऊन निघाले.

माझ्या तरुण मित्रांस हे रुचणार नाही, हे मी जाणतो. अपमानाचा संताप खोटा नाही. परंतु आपल्या मुलांची शिष्यवृत्ती संतापाने आलेली नाही. १९५६ साली धर्मांतर केल्याबरोबर अनुसूचित जातींच्या सवलती आपल्या हातून गेल्या. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या त्या दिल्या, केंद्राकडून मिळावयास १९९० साल उजाडले. ही चौतीस वर्षे अर्ज, ठराव आणि सभागृहातील प्रश्न यांनी भरली. त्या काळात किती मुलांची शाळा सुटली याची आठवण प्रत्येक वस्तीत कोणाला ना कोणाला आहे.

पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्यांतील कोथरूड तर २०१९ आणि २०२४ साली याच मंत्र्यांना निवडून देणारा. प्रत्येक विहारातून चार जाणती माणसे आपल्या आमदाराकडे जाऊ द्यात. शिक्षणाच्या मागण्या सभागृहात आल्या त्या दिवशी आपण कोणती कपात सूचना मांडली, हे त्यांना लेखी विचारावे, आणि आलेले उत्तर विहाराच्या फळ्यावर लावावे. उत्तर आले नाही, तर तेही तारखेसह लावावे.